सात टक्के कौटिल्य

पुस्तक वाचणं आणि पुस्तक वाचताना दिसणं, यांत मी कधी फारसा भेद केला नाही. कुक्करहळ्ळी तळ्याकाठच्या बाकावर मी जाडजूड ग्रंथ असा धरून बसायचो, की फेरी मारणाऱ्याला मुखपृष्ठ सहज वाचता यावं. पान नाही उलटलं तरी चालायचं. म्हैसूरची माणसं सभ्य. ‘अजून तेच पान?’ असं कुणी विचारत नाही.

मग लेकीने वाढदिवसाला वाचनयंत्र दिलं. आत हजारो पुस्तकं मावतात म्हणे. बाहेरून मात्र मी अर्थशास्त्र वाचतोय की राशिभविष्य, कुणाला पत्ता लागत नाही. आणि खाली कोपऱ्यात आकडा: सात टक्के. म्हणजे मी कौटिल्य वाचतोय हे अख्ख्या म्हैसुरात कुणाला ठाऊक नाही, आणि मी तो वाचत नाहीये हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. उरफाटा न्याय तो हाच.

कौटिल्यच का? तर तो आमच्या गावचा. पाटण्याची माणसं यावर भांडतील, भांडोत बापडी. शेकडो वर्षं त्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथाचं नाव तेवढं ऐकू येई, ग्रंथ कुठे दिसत नसे. तंजावर जिल्ह्यातल्या कुणा पंडिताने ताडपत्रांची एक पोथी म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात आणून दिली. लिपी ‘ग्रंथ’ नावाची. तिथले ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली, ओळखली आणि १९०५ पासून तिचे इंग्रजी अनुवाद छापायला घेतले. १९०९ साली मूळ संहिता आली, १९१५ साली संपूर्ण अनुवाद पुस्तकरूपाने. तंजावर म्हटलं की आम्ही मराठी माणसं श्रेयाच्या रांगेत आपसूक उभी राहतो, पण इथे काही हात पोहोचत नाही. त्या पंडिताचं नावसुद्धा कुणी सांगत नाही. त्याने पोथी दिली आणि तो निघून गेला. ना पासवर्ड, ना अटी. अजून त्या संस्थेत ताडपत्रांना उग्र वासाचं गवती तेल लावतात, म्हणजे कीड लागत नाही.

माझ्या यंत्रातल्या पुस्तकांना कीड लागत नाही, हे खरं. पण २००९ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून, त्यांना न विचारता, ऑर्वेलची पुस्तकं काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. काढलेल्यांत ‘१९८४’ होतं. इतका नेमका विनोद मला आयुष्यात जमलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद केली. आपण घेतो ते पुस्तक नव्हेच. वाचायची परवानगी घेतो. वडिलांच्या पुस्तकांत समासात पेन्सिलीने ‘साफ चूक!’ असं लिहिलेलं असे. ते गेल्यावर मी कितीतरी दिवस त्या शेऱ्यांशीच वाद घालत होतो. माझे शेरे माझ्या खात्यात आहेत. खातं माझ्यानंतर कुणाच्या नावावर होत नाही, असं अटींत बारीक अक्षरांत लिहिलंय. ते मात्र मी शंभर टक्के वाचलं. राग येतो तो इथे.

सात टक्क्यांतही हेरांचं प्रकरण येऊन जातं. कौटिल्याने हेरांना वेश नेमून दिले: कुणी तापस, कुणी विद्यार्थी, कुणी व्यापारी. आता व्यापाऱ्यानेच हेरगिरी हाती घेतली आहे आणि वेश बदलायची तसदीही घेत नाही. सरकारी पैसा खायचे चाळीस प्रकार मोजणाऱ्या या माणसाला ‘मला मान्य आहे’ हे बटण दाखवायला हवं होतं. एकेचाळिसावा त्याने आनंदाने लिहून घेतला असता.

शेवटी मी हेराला फसवायचं ठरवलं. परवा जेवण झाल्यावर बसलो आणि भराभर पानं सरकवत कौटिल्य शंभर टक्क्यांना नेला. अंगठा दुखला. लगेच कंपनीने अभिनंदन करून चाणक्याच्या नावाचं एक यशस्वी व्यवस्थापनाचं पुस्तक सुचवलं. मी विजयी मुद्रेने यंत्र लेकीपुढे धरलं. ती सॉफ्टवेअरमधली, तिने नुसती नजर टाकली.

“बाबा, एकेका पानावर किती सेकंद थांबलात, तेही जातं त्यांच्याकडे.”