निदानमहर्षी

रोग्याच्या दारी वैद्य येण्यापूर्वी जे शेजारी येऊन पोहोचतात, त्यांची जात साऱ्या मुलखात एकच असली, तरी भिलाईच्या पोलादनगरीत तिला एक निराळेच तेज चढलेले आढळते. कारण येथील निदानमहर्षी माणसाच्या नाडीकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याचे सारे वैद्यक मोटारगाडीच्या बॉनेटखाली चालते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, आणि पुढल्या काळात नागपूर-विदर्भाकडची जी तरुण मंडळी येथे नोकरीवर रुजू झाली, त्यांतील पुष्कळजण आज नेहरूनगरात किंवा रिसालीत घर बांधून पेन्शनीचे दिवस कंठीत आहेत. ज्यांनी उभा जन्म धगधगत्या भट्टीला हुकूम सोडण्यात घालवला, त्यांना निवृत्तीनंतर शेजाऱ्याच्या गाडीखेरीज हुकुमत गाजवायला दुसरे उरते तरी काय?

आमच्या गल्लीतले काका या संप्रदायाचे अध्वर्यू होत. सकाळी माझ्या गाडीचा सेल्फ एकदा कण्हला, की दुसरे कण्हणे ऐकू येण्यापूर्वी पाठीमागे हात बांधलेली त्यांची मूर्ती फाटकात उभी. ते प्रश्न कधी विचारीत नाहीत. थेट निकाल देतात. अल्टरनेटर हा शब्द त्यांनी आजवर उच्चारलेला नाही. त्यांच्या लेखी तो डायनमोच. निकालानंतर, "दहाचा पाना आणा," हे फर्मान सुटते.

आठ महिन्यांत माझ्या गाडीने दोन बॅटऱ्या आणि दोन अल्टरनेटर गिळंकृत केले. पहिल्या खेपेस काकांनी बॅटरीला दोषी ठरवले, दुसऱ्या खेपेस डायनमोला, आणि तिसऱ्या खेपेस, पारा चव्वेचाळिसावर गेलेला पाहून, साक्षात सूर्यनारायणाला. त्यांची विद्या खोटी होती, असे मात्र कोणी म्हणू नये. बॅटरीत सहा घरे असतात. ती पूर्ण भरून स्वस्थ असता साडेबारा व्होल्टांच्या किंचित वर दाखवते. इंजिन चालू असता तोच आकडा चौदाच्या आसपास गेला पाहिजे. तेराच्या खाली राहिला तर भरणा होत नाही, पंधराच्या वर गेला तर बॅटरीतले पाणी उकळून उडते आणि उन्हाळा तिचे आयुष्य खातो, हे सारे त्यांनी मला सांगितले, आणि त्यातले अक्षर न अक्षर खरे होते. प्रत्येक प्रवचनाची सांगता मात्र एकाच विधीने होई. इंजिन चालू ठेवायचे, दहाच्या पान्याने बॅटरीची तार काढायची, आणि तरीही इंजिन धडधडत राहिले, तर डायनमो निर्दोष असल्याचा दाखला द्यायचा. इंजिन दरवेळी धडधडत राही, काका दरवेळी दाखला देत, आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच तो निर्दोष इसम मृतावस्थेत आढळे.

अखेर सुपेल्यातल्या एका तरुण मिस्त्रीकडे मुद्देमालासह हजर झालो. त्याने निदान सांगण्याची जराही घाई केली नाही. मीटरच्या दोन तारा इकडेतिकडे लावल्या, बॉनेटात डोके घालून बराच वेळ काढला आणि हळूच विचारले, "चालू इंजिनावर बॅटरीची तार कोणी काढली होती काय?" माझा चेहरा हाच कबुलीजबाब ठरला. मग त्याने उलगडा केला, तो असा: जुन्या काळच्या डायनमोला ही परीक्षा बहुधा पचत असे, अल्टरनेटर मात्र उलटसुलट वाहणारी वीज निर्माण करतो आणि डायोड नावाचे चिमुकले द्वारपाल तिला एका दिशेस लावतात. विजेचे अवचित उसळणारे लोट बॅटरी आपल्या पोटात घेते. तीच काढली, की दाब एका क्षणात कित्येक पटींनी चढून द्वारपाल धारातीर्थी पडतात. द्वारपाल गेला, की रात्रभर बॅटरीतली वीज गुपचूप पाझरते. रिकामी बॅटरी भरता भरता दिवसा अल्टरनेटर छाती फुटेस्तोवर राबतो. आणि अशा रीतीने दोघे परस्परांचे प्राण घेतात. मूळ रोग तर क्षुल्लक होता: इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून ढिली झाली होती. पुढचे सारे बळी औषधाचे.

हा पंचनामा मी मोठ्या अदबीने काकांच्या कानी घातला. आयुष्यभराची एक खूण आता चुकीची ठरते आहे, हे सांगताना माझाच आवाज खाली गेला. त्यांच्या पडवीत जुनी फियाट उभी आहे, तिचा डायनमो आजही ती परीक्षा बिनतक्रार देतो, आणि त्या पडवीपुरते काका अद्याप बरोबरच आहेत. ते क्षणभर विचारात पडले, मग चष्मा पुसून म्हणाले, "म्हणजे माझी परीक्षा कडक होती, एवढेच ना? पोर नापास झाले, तर परीक्षकाला दोष देतात होय?"

या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो. घरी येऊन एवढेच केले, की दहाचा पाना कपाटात कुलूपबंद ठेवला. चौथ्या दिवशी सेल्फ पुन्हा कण्हला, काका फाटकात प्रकटले, माझ्याकडे करुणेने पाहिले आणि खिशातून स्वतःचा पाना काढला.