पोवळेबाब
पोवळेबाब पेडण्यात भेटतो तसा डिचोलीतही भेटतो. एरवी हा माणूस फसणाऱ्यातला नव्हे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून पाहिल्याशिवाय तो पिशवी पुढे करत नाही. पण रात्री मोबाइलवर निळ्या उजेडात चमकणारे कोरल दिसले की त्याचे डोळे आणि नाक दोन्ही रजेवर जातात. सेलर कोण, कुठला, ठाऊक नाही. तोच फोटो आणखी दोघांनी लावलेला. तरी ‘भाई, लास्ट पीस’ असा मेसेज आला की अ‍ॅडव्हान्स गेलाच.

पेडण्याहून हरमलचा समुद्र गाडीने अर्ध्या तासाच्या आत. तरी हा आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम विकतचे मीठ विरघळवून हॉलमधल्या काचेच्या टाकीत स्वतःचा समुद्र करतो. “एवढे मीठ कशात घालता?” असे बायकोने विचारले होते. तिला उत्तर मिळाले नाही, विजेचे बिल मिळाले.

पार्सल उघडले की घरभर जो वास सुटतो, तसा बांगडा नुस्तेवालीने दिला असता तर बाबने अख्खा बाजार गोळा केला असता. सेलर मात्र शांत : ‘अनबॉक्सिंग का व्हिडिओ है?’ व्हिडिओ असला तर दोष बाबच्या पाण्याचा. आणि कोरल चुकून जिवंत आलेच, तर निळा दिवा विझवल्यावर ते सरळ तपकिरी दिसते.

एवढे झाल्यावर बाब गुरू होतो. नवख्यांना सांगतो, पांढऱ्या उजेडात व्हिडिओ मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला लावा, सगळे पैसे आधी देऊ नका. सल्ला खरा आहे. फक्त परवान्याचे नाव त्यात नाही.

कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ आहेत, काळे प्रवाळ आहेत, समुद्रपंखेही आहेत. त्यांचा व्यापार केला तर किमान तीन वर्षे कैद, वर दंड. मोरजीला अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले कासव याच अनुसूचीत. त्या कासवाच्या घरट्याजवळ कोणी पर्यटक फिरकला तर बाबच आधी ओरडतो! आणि घरी भिंतीवर फ्रेममध्ये ‘इंद्रजाल’. वास्तूला चांगली म्हणून ऑनलाइन घेतलेली ती ‘वनस्पती’ बहुतेक वेळा समुद्रपंखा किंवा काळे प्रवाळ असते.

‘माल इम्पोर्टेड आहे’ हे सेलरचे पेटंट वाक्य. पण दगडी प्रवाळ साइटिस कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, म्हणजे परदेशातून आणतानाही परवाना लागतोच. तो मागितला की ‘पेपर्स बाद में’.

बुडालेल्या पैशांसाठी बाब पोलिसांत का जात नाही, हे आता कळले असेल. “काय मागवले होते?” या पहिल्याच प्रश्नाला फिर्यादीचा आरोपी होतो. सेलरला हे पक्के माहीत असते. त्याचा धंदा त्यावरच चालतो.

तेव्हा वाचकहो, दगडी कोरलचा प्रामाणिक ऑनलाइन सेलर शोधत बसू नका. प्रवाळ पाहायचेच असतील तर तेरेखोल ओलांडून मालवण गाठा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ते जिवंत दिसतात.