मालक, ब्रेकवर पाय नको!

सत्तर लाखांची गाडी घेतलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं दुःख कोणतं? पेट्रोल नव्हे, खड्डेही नव्हेत. पुढच्या वर्षी आलेलं मॉडेल. इंजिन जवळपास तेच, सीट तीच, पण शेजारच्या सोसायटीतल्या बिल्डरसाहेबांच्या गाडीत मीटर रंगीत! स्पोर्ट मोड दाबला की लालेलाल, इको दाबला की निळाशार. आपल्या गाडीत मात्र नुसते काटे. तेही बिचारे खरे, फिरणारे.

या दुःखावर आता दूरस्थ उपचार मिळतात. जुना मीटर काढून डिजिटल क्लस्टर बसवायचा, हे काम गल्लीतला हुशार मेकॅनिकही करतो. पण बीएमडब्ल्यूसारख्या गाडीला मीटरमध्ये स्वतःचा चेसिस नंबर लागतो. किलोमीटरचा आकडाही गाडीत एकाहून अधिक ठिकाणी नोंदवलेला असतो. दुसऱ्या गाडीतून काढलेला क्लस्टर नुसता जोडला आणि नोंदी जुळल्या नाहीत, तर मीटरवर एक ठिपका उमटतो. कुंकवाचा नव्हे, संशयाचा.

तो पुसायला हवा कोडिंगवाला. तो कधी पोलंडात बसलेला असतो, कधी पंजाबात, कधी पिंपरीत. स्टिअरिंगखालच्या पोर्टात केबल खुपसायची, केबलचं दुसरं टोक आपल्या लॅपटॉपला जोडायचं आणि लॅपटॉपचा ताबा इंटरनेटवरून त्याच्या हाती द्यायचा. गाडीच्या पोटात एक यादी असते: कारखान्यातून निघताना हिला काय काय बसवलं होतं, त्याची. कोडिंगवाला त्या यादीत एक ओळ वाढवतो. डिजिटल मीटर हिला जन्मापासूनच होता! गाडी विश्वास ठेवते. आपल्याकडे जन्मदाखला दुरुस्त करायला यापेक्षा जास्त खेटे घालावे लागतात.

आता या वेळी मालक काय करत असतो ते पाहा. तो आपल्याच गाडीत, आपल्याच सीटवर, हात मांडीवर ठेवून बसलेला असतो. फोन स्पीकरवर.

"सर, चार्जर लावलाय ना? मोबाइलचा नाही, गाडीच्या बॅटरीचा."

"लावलाय."

"इग्निशन ऑन, इंजिन बंद. एसी बंद. दार उघडू नका. आणि सर, ब्रेकवर पाय नको."

"नाही नाही, वर घेतलेत पाय."

चार्जरची ही चौकशी उगाच नसते. मीटरमध्ये नवा प्रोग्राम चढत असताना बॅटरी बसली किंवा इंटरनेट गेलं, तर तो मीटर कायमचा काळाठिक्कर पडू शकतो. ज्या साहेबांनी ड्रायव्हरला आजवर रेडिओचं स्टेशन बदलू दिलं नाही, ते आता कधीही न भेटलेल्या माणसाचा माउस आपल्या गाडीच्या मेंदूत फिरताना श्वास रोखून बघत असतात. आणि एवढा खटाटोप करून मीटर दाखवणार काय? हिंजवडीच्या सिग्नलला ताशी नऊ किलोमीटर. फक्त आता सव्वादहा इंचांच्या पडद्यावर.

हसू येतं ना? मग आता कंपनीकडे बघून हसा. ती वेगळं काय करते?

बीएमडब्ल्यूने 2022 साली दक्षिण कोरियात सीट गरम करायची सोय महिना सुमारे 18 डॉलरवर देऊ केली. गरम करणारी तार सीटमध्ये आधीच होती. पैसे तारेचे नव्हते, परवानगीचे होते. बोंबाबोंब झाली, 2023 मध्ये कंपनीने तो नाद सोडला. त्याआधी अमेरिकेत ॲपल कारप्लेसाठी वर्षाला 80 डॉलर लावून पाहिले होते; ते 2019 च्या अखेरीस मागे घेतले. मर्सिडीजने जर्मनीत ईक्यूएस आणली तेव्हा मागची चाकं साडेचार अंशांपर्यंत वळायची. दहा अंश हवेत? वर्षाला 489 युरो. चाकं तीच, मोटर तीच. वाढीव साडेपाच अंश सॉफ्टवेअरने अडवून धरलेले. अमेरिकेत तर 2022 मध्ये विजेच्या गाड्यांचा पिकअप वाढवायचे वर्षाला 1,200 डॉलर जाहीर झाले. नाक्यावर अडवून पैसे घेणाऱ्याला आपण काय काय म्हणतो! इथे त्याला सबस्क्रिप्शन म्हणायचं.

टेस्लाने तर हे भर वादळात दाखवलं. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर चालून येत होतं. लोक गाड्या घेऊन पळत होते. काही स्वस्त मॉडेलांच्या बॅटऱ्या मुळात मोठ्या होत्या, पण सॉफ्टवेअरने लहान करून विकलेल्या. कंपनीने दुरूनच कुलूप काढलं आणि त्या गाड्या एका चार्जिंगवर आणखी पुढे जाऊ लागल्या. केवढी माणुसकी! वादळ ओसरलं, मुदत संपली, कुलूप पुन्हा लागलं. जी बॅटरी मालक रोज वाहून नेत होता, तिचा शेवटचा हिस्सा त्याला वादळापुरता वापरायला मिळाला.

म्हणजे हिशेब असा. दोघंही दूर बसतात. दोघंही यादीतली एक ओळ बदलतात. कोडिंगवाला एकदाच पैसे घेतो, पावती देत नाही, आणि गाडी बंद पडली तर त्याचा फोनही बंद पडतो. कंपनी दरवर्षी पैसे घेते, पावती देते, आणि गाडी बंद पडली तर तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं तासभर ऐकवते.

पण कोडिंगवाल्याला लगेच रॉबिनहूड करू नका. ज्या केबलने मीटर रंगीत होतो, त्याच केबलने तो मागेही जातो. सेकंडहँड बाजारात पहिला प्रश्न असतो, "रनिंग किती?" उत्तर ठरलेलं: "फक्त बेचाळीस हजार, फर्स्ट ओनर, डॉक्टरांची गाडी." त्या डॉक्टरांच्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत झालेलं असतं, स्टिअरिंगचं चामडं सोललेलं असतं, पण मीटर नुकताच बारशाला बसल्यासारखा कोरा. नवा क्लस्टर बसवताना खरा आकडा चढवायचा की सोयीचा, हे त्या रात्री ठरतं, आणि ठरवणारे दोघंच असतात.

तर मग कंपनीवर डोळे मिटून विसंबावं? फोक्सवॅगनचं आठवा. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर कुणा गल्लीतल्या पोराने नव्हतं टाकलं. ते कंपनीच्या घरचंच होतं. 2015 साली उघडकीला आलं आणि जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या त्यात निघाल्या. त्याच वर्षी चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन सुरक्षा-संशोधकांनी घरी बसून, हायवेवर धावणाऱ्या जीप चेरोकीचा पिकअप तोडून दाखवला. चालवणाऱ्या पत्रकाराला प्रयोगाची कल्पना होती, म्हणून निभावलं. पुढे 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दार एकदा ठेवलं की त्यातून कोण येणार हे दार ठरवत नाही.

यात आपला पुणेकर कुठे, असं विचाराल. सगळीकडे! चाकणला मर्सिडीज जुळवल्या जातात. केपीआयटीसारखी कंपनी जगभरच्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. बीएमडब्ल्यू आणि टाटा टेक्नॉलॉजीज यांनी 2024 मध्ये मिळून काढलेल्या कंपनीचं एक ऑफिस पुण्यातच आहे. तेव्हा दिवसा पगारावर कुलूप बसवणारा आणि रात्री एखाद्या साहेबांना ब्रेकवरून पाय काढायला सांगणारा, हे दोघं एकाच टपरीवर कटिंग पीत असले तर नवल नको. पोरं हुशार आहेत. किल्ली कुणाला द्यायची हे त्यांना कुणी विचारत नाही.

सरकारला एक सूचना करून थांबतो. गाडीच्या आरसी बुकात मालकाचं नाव असतं. कर्ज असेल तर बँकेचं असतं. आता तिसरा रकाना काढा: पासवर्ड कुणाकडे? आणि तो सगळ्यात वर छापा. खऱ्या मालकाचं नाव आधी आलेलं बरं.