निराशेच्या राक्षसाचा रोज

निराशेच्या राक्षसाला दिवसाचे किती द्यायचे, हा प्रश्न संतमहंतांना कधी पडला नसेल. पण सिनेमाचा हिशेब लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही. राक्षस म्हटला की उंची आली, उंची आली की मानधन आलं, आणि या राक्षसाला तर बायकोही आहे.

हे झेंगट माझ्या गळ्यात बांधलं एका दिग्दर्शक मित्राने. त्याला जॉन बन्यनच्या 'द पिलग्रिम्स प्रोग्रेस'वर सिनेमा करायचाय, मराठीत, आणि तोही अशा रकमेत, की जिच्यात हल्ली लग्नाचा व्हिडिओसुद्धा धड होत नाही. "अरे, हे पुस्तक १८४१ सालीच मराठीत आलंय," तो मला म्हणाला. "हरि केशवजींचं 'यात्रिकक्रमण'. म्हणजे गोष्ट आपलीच झाली की!" हक्कांचे पैसे द्यायचे नाहीत, एवढाच त्यातला मथितार्थ. मूळ पुस्तक १६७८चं. हक्क मागायला कोण येणार होतं?

गोष्ट सरळ आहे. ख्रिश्चन नावाचा एक माणूस पाठीवर पापाचं ओझं घेऊन विनाशनगरातून निघतो आणि दलदल, डोंगर, राक्षस, बाजार, नदी असं सगळं ओलांडून दिव्यनगरीच्या दाराशी पोचतो. मित्राने हे सांगताना आवाजात कंप आणला. मी वही काढली.

पहिली नोंद ओझ्याची. पुस्तकात ओझं म्हटलं की ओझं. पडद्यावर ते कशाचं तरी करावं लागतं. थर्माकोलचं केलं तर नट सकाळी फिरायला निघाल्यासारखा ताठ चालतो. वाळू भरली तर तिसऱ्या दिवशी त्याच्या कंबरेचं डॉक्टरी सर्टिफिकेट येतं. पुढे क्रुसापाशी हे ओझं पाठीवरून सुटून घरंगळत जातं आणि एका थडग्याच्या तोंडात नाहीसं होतं. थर्माकोल घरंगळत नाही. वारा असेल तर उलट वर येतं. सुटलेलं पाप उडत उडत पापी माणसाकडेच परत येतंय, असा शॉट जर गेला, तर ती चूक आर्ट डिरेक्टरची राहणार नाही, थेट धर्माची होईल.

दलदलीचा खर्च मात्र नाही. बन्यनने लिहिलंय की निराशेची ही दलदल बुजवायला राजाची माणसं सोळाशे वर्षं राबताहेत, वीस हजार गाड्या भर घातली, तरी खड्डा आहे तसाच. हा प्रसंग मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही. लोकेशनसाठी लांबही जावं लागणार नाही.

खरी अडचण चेहऱ्यांची. बन्यन एखाद्याला 'हट्टी' म्हणतो आणि मोकळा होतो. हट्टीचं बालपण नाही, घरची परिस्थिती नाही. तो येतो, ख्रिश्चनशी वाद घालतो आणि घरी परततो. वाचकाची तक्रार नसते. नटाची असते. "पण माझ्या हट्टामागे नेमकं काय आहे?" असं विचारत तो जेवणाच्या सुट्टीत माझ्याच ताटाशी येऊन बसणार. प्रेक्षकाला हट्ट दिसत नाही, हट्टीची मिशी दिसते. अज्ञान, असूया, पाखंड ही मंडळी कागदावर फुकट राहतात. कॅमेऱ्यापुढे प्रत्येकाला एक नाक, एक झब्बा आणि जाण्यायेण्याचं भाडं लागतं.

याचा कडेलोट होतो तो 'व्हॅनिटी फेअर'मध्ये. ही जगाच्या मोहाची जत्रा. इथे घरं, जमिनी, पदव्या, राज्यं, सोनं, मोती, नवरे, बायका, एवढंच काय, आत्मेही विकायला आहेत. ब्रिटिशांची गल्ली वेगळी, फ्रेंचांची वेगळी, इटालियनांची वेगळी. ख्रिश्चन आणि त्याचा वाटेतला सोबती, हे आपले दोन यात्रेकरू, या बाजारातून काहीही न घेता चालू लागतात, आणि नेमका याचाच लोकांना राग येतो. प्रसंग सुंदर आहे. फक्त या दोघांनी काहीही घेतलं नाही हे दाखवायला मला सगळा बाजार भाड्याने घ्यावा लागतो. अख्ख्या सिनेमात जगाची हाव झटकून टाकणारं हेच दृश्य, आणि पुऱ्या बजेटात सगळ्यात महाग तेच. एखाद्या निर्मात्याने बजेटचा फक्त एवढाच कागद बघितला, तर आम्ही मोहाच्या बाजूचे आहोत अशी त्याची खात्री होईल.

त्यात पुढे या दोघांवर खटला. बारा ज्युरी, आणि बन्यनने उदार मनाने बाराही जणांच्या तोंडी एकेक वाक्य घातलंय. आमच्या धंद्यात गर्दीतल्या माणसाने तोंड उघडलं की त्याचा दर बदलतो. मित्राला म्हटलं, "अकरा जणांनी नुसत्या माना डोलावल्या तर न्याय थोडा कमी अन्यायकारक होईल का?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, की तेराव्या ज्युरीचा प्रश्न तिथेच मिटला.

आता राक्षस. हा संशयगडावर राहतो, यात्रेकरूंना कोठडीत डांबतो आणि रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बायकोला विचारतो, की उद्या यांचं काय करू? ती सल्ला देते, सकाळी तो अमलात आणतो. जगातल्या निराशेची धोरणं नवरा-बायकोच्या रात्रीच्या बोलण्यात ठरतात, हे सतराव्या शतकातच ओळखणाऱ्या लेखकाला माझा साष्टांग नमस्कार. शिवाय खर्च एका खाटेचा. या राक्षसाला ऊन पडलं की झटके येतात. इंग्लंडच्या हवेत म्हणजे त्याची प्रकृती उत्तमच म्हणायची. इथे जेजुरीच्या माळावर तो कॉलशीटभर आडवा राहील. आणि सुटका कशी होते? ख्रिश्चनला आठवतं, की चावी पहिल्यापासून आपल्याच छातीशी आहे. प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील अशी ही एकच जागा मला सापडली.

आमच्याआधी हे धाडस कोणीकोणी केलं, तेही बघितलं. १९७८ साली अमेरिकेतल्या केन अँडरसनच्या कंपनीने यावर चित्रपट काढला. त्यात लिअम नीसन नावाचा उत्तर आयर्लंडचा एक उंचापुरा नवखा नट होता. ख्रिश्चनला वाट दाखवणारा इव्हँजेलिस्ट त्यानेच केला, आणि क्रुसावरचा ख्रिस्तही त्यानेच. पुढे २००५ साली नार्नियाच्या भल्यामोठ्या बजेटच्या चित्रपटात याच नीसनने अस्लान सिंहाला नुसता आवाज दिला. पैसे कमी असले की नटाला दोन चेहरे लागतात, भरपूर असले की एकही लागत नाही. १९८५ साली यॉर्कशायर टेलिव्हिजनने तर कमाल केली: अ‍ॅलन पॅरीची चित्रं, त्यांवरून फिरणारा कॅमेरा आणि एक निवेदक. चित्राला ना जेवण लागतं, ना व्हॅनिटी व्हॅन. २०१९मध्ये संगणकावरचा अ‍ॅनिमेशनपट आला, पण तिथे राक्षस रोजावर नसतो. तो घडवणारे असतात, आणि तेही जेवतातच.

हे सगळं मांडून मी मित्राला हात टेकायला सांगणार होतो. मग खुद्द बन्यनचा जमाखर्च पाहिला. हा माणूस बेडफर्डजवळच्या एल्स्टोचा, फुटकी भांडी सांधणारा. लग्नात बायकोने दोन धार्मिक पुस्तकं आणली. घरात मात्र ताटली किंवा चमचा म्हणावा असं काही नव्हतं, हे त्यानेच लिहून ठेवलंय. परवानगीशिवाय प्रवचनं केली म्हणून १६६०पासून बारा वर्षं तुरुंगात. तिथे बुटांच्या नाड्यांना टोकं लावून घर चालवलं. तुरुंगातल्या स्टुलाचा पाय कोरून त्याची बासरी केली, असंही सांगतात. आणि लोकेशन? ज्या महालात ख्रिश्चन मुक्काम करतो तो म्हणे एम्पथिलजवळचं हॉटन हाउस, मोहाची जत्रा म्हणजे केंब्रिजची स्टरब्रिजची जत्रा. स्वर्गाची वाट या माणसाने घरापासून चालत जाण्याच्या अंतरात बसवली. वर सगळंच स्वप्न म्हणून सांगितलं, म्हणजे कंटिन्युइटीवर बोट ठेवायलाही कोणी येत नाही.

म्हणजे गोष्टीचा पहिला दिग्दर्शकच कंगाल होता, आणि त्याने ते लपवलं नाही. आम्ही मात्र राक्षस खरा दिसावा म्हणून धडपडतोय. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, तेव्हा कुठल्या सोंगाड्याने बरणीतून विंचू आणला होता? त्याने नुसतं तोंड वाकडं केलं, आणि समोरच्या माणसाला आपापला विंचू आठवला. रूपकात वस्तूचं फक्त नाव घ्यायचं असतं. बाकी सामान प्रेक्षक घरून घेऊन येतो.

मित्राला हे पटलं, थोडं जास्तच पटलं. आता तो बाजार एका रिकाम्या हातगाडीवर उरकणार आहे. शेवटची नदी तेवढी अडली. पुस्तकात तिची खोली ज्याच्या-त्याच्या विश्वासावर ठरते: एक यात्रेकरू बुडू लागतो, दुसऱ्याला त्याच पाण्यात तळ लागतो. भाड्याच्या तलावात पाणी सगळ्यांना सारखंच. म्हणून कमी विश्वासवाला नट गुडघ्यांवर बसेल, असं ठरलंय.

आणि दिव्यनगरी? तिथले रस्ते सोन्याचे. मी घाम पुसत शेवटची पानं उलटली, तर बन्यनने मला सांभाळून घेतलं होतं. यात्रेकरू आत जातात, उघड्या दारातून तो क्षणभर डोकावतो, दार लागतं आणि तो जागा होतो. स्वर्गाच्या रकान्यात मी लिहिलंय: दार एक, भाड्याने. मागून दिवा एक. तेज वाढवायचं असल्यास जनरेटरचं डिझेल वेगळं.