वेधशाळाधिपती

परसदारी वेधशाळा उभारणाऱ्या गृहस्थाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. ज्या आळीत असा एक नसेल तिथल्या लोकांना रात्री स्वस्थ झोप लागते, एवढाच काय तो फरक. पुण्याच्या उपनगरातले आमचे हे शेजारी मोजणी खात्यातून सेवानिवृत्त झाले आणि भाऊबंदांच्या बांधांवरचे तंटे मिटवण्यात गेलेल्या हयातीवर उतारा म्हणून, ज्या मुलखात सातबारा नाही आणि हिस्सेदारही नाहीत, अशा आकाशाकडे वळले.

आरंभ आरशापासून झाला. सहा इंची काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर घासल्या की वरची खोलगट आणि खालची फुगीर होते, हे कळल्या दिवसापासून ते एका पिंपावर काच बसवून, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून, पिंपाभोवती प्रदक्षिणा घालू लागले. हा कसला नवस, अशी पलीकडच्या आजींनी वहिनींकडे हळूच चौकशीही केली. पुढे डांबराच्या थराची आणि सिरियम ऑक्साईडची पाळी आली आणि पृष्ठभागातली चूक प्रकाशलहरीच्या अष्टमांशाच्या आत आणण्याचा ध्यास लागला, तेव्हा जेवणाच्या वेळा दप्तरातून कायमच्या खारीज झाल्या. विल्यम हर्शेल सोळा सोळा तास आरशावरचा हात काढीना तेव्हा बहीण कॅरोलीन त्याला घास भरवीत असे, आणि त्यानेच 1781 साली बाथमधल्या आपल्या घराच्या परसातून युरेनस शोधला, हे त्यांनी वहिनींना मोठ्या आशेने सांगितले. “ती बहीण होती,” वहिनी म्हणाल्या, “आणि तुम्ही अजून काही शोधलेलं नाही.”

तथापि आरसा परवडला. खरी आपत्ती खांबाची. दुर्बिणीचा काँक्रीटचा खांब त्यांनी चार फूट खोल रोवला आणि भोवतीच्या फरशीत बोटभर फट राखली, कारण फरशीवर पडलेले पाऊल खांबाला कळता कामा नये. दोनशेपट वर्धनात ग्रहाबरोबर हादराही दोनशेपट होतो. सिद्धान्त निर्विवाद आहे, परंतु त्याच्या अंमलबजावणीखातर “कंप!” अशी जी गर्जना त्यांनी सुरू केली, तिने आळीची वहिवाटच बदलली. त्या गर्जनेसरशी पाहुणे एक पाय उचललेल्या स्थितीत तिष्ठत राहिले. शेजारचा खलबत्ता सूर्यास्तानंतर बंद झाला. शिंकणाऱ्याकडून कैफियत घेण्यात आली. आणि पुतणीला पाहायला आलेल्या मंडळींपैकी मुलाच्या स्थूल वडिलांना, दिवसाढवळ्या, कुंपणापाशी खुर्ची देण्यात आल्यामुळे ते स्थळ हातचे गेले. अर्ध्या कोसावरून जाणाऱ्या मालगाडीवर मात्र त्यांचा हुकूम चालेना, म्हणून प्रतिमा हलली आणि आसपास गुन्हेगार सापडला नाही, की दोष मालगाडीच्या नावे जमा होई.

या बंदोबस्तात प्रत्यक्ष आकाश पाहणे तेवढे राहून जाई. सरकते छप्पर फाटकाच्या चाकांवर ये-जा करी, ध्रुवाक्ष क्षितिजाशी पुण्याच्या अक्षांशाइतका, साडेअठरा अंश, कललेला असे. पण जून ते सप्टेंबर सगळ्यावर ताडपत्री, मग आरशावरच्या बुरशीची झडती, आणि ती संपेतो एखादा स्क्रू सदोष ठरलेला!

इतके असूनही मनुष्य वाईट नाही, हे नाइलाजाने नमूद केले पाहिजे. 1888 साली पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा, 1912 साली तिचे संचालक नेगामवाला निवृत्त होताच बंद पडली आणि तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली, ही हकिकत ते कधीही मोठ्याने सांगत नाहीत. एका रात्री आळीतली पोरे शनी पाहायला आली; त्यांतले एक कडे दिसताच आनंदाने किंचाळून खांबालाच लोंबकळले. आम्ही सर्वांनी श्वास रोखला. “दिसलं ना नीट?” एवढेच ते म्हणाले.

मग स्वतः प्रतिमा स्पष्ट करायला त्यांनी चक्रीला हात लावला आणि शनी नाचू लागला. पोरे तोवर अंगणात गेली होती, वारा पडलेला होता. बराच वेळ ते आपल्या बोटांकडे पाहत राहिले. “मालगाडी,” ते म्हणाले. रुळांकडून कसलाही आवाज येत नव्हता. पण ते बोलून दाखवण्याची छाती कोणाची झाली नाही, वहिनींचीही नाही.

दुसऱ्या दिवशी चक्रीचा ताबा त्याच लोंबकळणाऱ्या पोराकडे गेला आणि दारावरचा जुना हुकूम नव्याने लिहून लागला. वेध चालू असता खांबापासून चार हात दूर राहावयाच्या इसमांची यादी तीच आहे: शिंकणारे, स्थूल, घाईचे, सासरची मंडळी. अखेरीस एक कलम वाढले आहे: ‘खुद्द मालक’. खाली तारीखवार सही आहे. ती जरा वेडीवाकडी आली आहे. करतेवेळी मालगाडी जात असावी.