वीतभर पाऊस

माझं आणि माझ्या साडूंचं बोलणं वर्षातले चार महिने एका शब्दावर चालतं. सकाळी साडेआठला पाच-दहा मिनिटं उलटली की फोन वाजतो. ‘रामराम’ नाही, ‘पोरंबाळं बरी आहेत का?’ नाही. तिकडून फक्त, “किती?” मी म्हणतो, “बावीस.” पलीकडे जरा शांतता पसरते. मग, “आमच्याकडं अकरा,” असं पुटपुटून फोन बंद. परक्या माणसानं ऐकलं तर त्याला वाटावं, दोघं मिळून मटका चालवतात.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला पाव्हणं. ते इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला. पानमळा, डाळिंब, दोन म्हशी आणि दारात एक शेवगा. त्यांनी पाऊस मोजावा, त्याला अर्थ आहे. मी बारामतीत, इंदापूर रस्त्याच्या कडेला राहतो. माझी एकूण जमीन अंगणातल्या सात कुंड्यांत मावते, आणि त्यांतल्या दोन फुटक्या आहेत. तरीही मी पाऊस मोजतो, कारण दाजी मोजतात.

आमच्या भागाला हे वेड का लागतं, ते घाटमाथ्यावरच्या माणसाला कळायचं नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो. तिथं कोण मोजत बसणार? आम्ही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाकाठी पाचशेच्या आसपास पदरात पडतो, तोही बराचसा परतीचा. श्रीमंताच्या घरी पैसा मोजत नाहीत, गरिबाच्या घरी रोज रात्री डबा उपडा करून चिल्लर लावतात, तसं हे. त्यात नीरा डाव्या कालव्यानं आमच्यात आणखी भेद पाडलेले. कालव्याखालचे बागायतदार, त्यांचा ऊस पाऊस आला काय न आला काय, उभा. आणि सुपे, मोरगाव, लोणी भापकरकडचे जिरायतवाले, त्यांना शिंतोडासुद्धा नातेवाइकासारखा. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पडला तर ते शंभर लिटर पाणी होतं. एकरावर शंभर मिलिमीटर म्हणजे चार लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चाळीस टँकर, आणि तेही पुढाऱ्याच्या फोनशिवाय. ज्यानं टँकरच्या रांगेत हंडा लावलाय, तो मिलिमीटरला हसत नाही.

मी मात्र मिलिमीटर गाजवायला मोजत होतो.

माझं पर्जन्यमापक हवामान खात्याच्या पद्धतीचं. वर नरसाळं, आत बाटली, सोबत मोजायचा काचेचा ग्लास. तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर. रोज सकाळी साडेआठला मोजणी. साडेआठच का, तर तेव्हा ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि जगभरचे लोक त्याच ठोक्याला आपापली निरीक्षणं घेतात. हे मी बायकोला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग ग्रिनिचला दूध कोण तापवतं?”

२०२४ च्या दिवाळीत माझा तो ग्लास फुटला. साफसफाईत फुटला, कुणाच्या हातून ते मी लिहीत नाही, कारण हा लेख घरात वाचला जाणार आहे. मार्चमध्ये मी पुण्याला गेलो. शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी इमारत आहे, तिला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथं आलं, म्हणून. मुख्यालय पुढं दिल्लीला गेलं, सिमला बसस्टॉपवर राहिलं. मी त्या इमारतीला रस्त्यावरूनच हात जोडले आणि शास्त्रीय उपकरणांच्या एका दुकानात शिरलो.

“पर्जन्यमापकाचा ग्लास द्या.”

दुकानदारानं विचारलं, “शंभरचा की दोनशेचा?”

आता मी बारामतीचा. दोन भाव सांगितले की खालचा धरायचा, हे आमच्या रक्तात आहे. मी म्हणालो, “शंभरचाच द्या.” बिल झालं चारशे साठ. एवढ्यावर शहाण्या माणसाला शंका आली असती. मला फक्त महागाईची चीड आली.

मे उजाडला. २०२५ चा मे सगळ्यांना आठवत असेल. उन्हाळा म्हणून जो काही असतो, तो महिन्याच्या मध्यालाच गुंडाळला गेला. रोज दुपारी आभाळ यायचं, संध्याकाळी कोसळायचं. आणि रोज सकाळी मी दाजींना हरवायचो. ते अकरा, मी बावीस. ते अठरा, मी चौतीस. ते नऊ, मी वीस. चार दिवसांत दाजींचा आवाज बसला.

इथं मी गप्प बसलो असतो तर हा लेख झाला नसता. पण जिंकणाऱ्याला शिकवायची खाज असते. पाचव्या दिवशी मी म्हणालो, “दाजी, राग मानू नका. तुमचं मापक शेवग्याच्या जवळ आहे. नियम असा आहे, की झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर पाहिजे. तुमचं मापक पर्जन्यछायेत आहे.”

“सह्याद्रीच्या?”

“शेवग्याच्या.”

दाजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मेहुणीचा फोन बायकोला आला आणि बराच वेळ चालला. बायको आत आली ती कमरेवर हात ठेवून. “दाजींनी शेवगा तोडला. ताईनं लग्न होऊन आल्यावर लावलेला. भरल्या शेंगांचा. का, तर म्हणे नियम आहे. कुणी सांगितला हो नियम?”

मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

२५ मे, रविवार. त्याच दिवशी रोहिणी लागल्या. रोहिणीत पाऊस पडावा, ही तर शेतकऱ्याची जुनी मागणी. पण तो जसा पडला तसा कुणी मागितला नव्हता. बारामती, इंदापूर, दौंड, तिन्ही तालुक्यांत धुमाकूळ. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि पालखी महामार्गावर पाणी आलं. ज्या वाटेनं तुकोबांची पालखी जाते, त्या वाटेवरून कालवाच निघाला पंढरपूरला. घरं पडली, वस्त्यांमधली माणसं हलवावी लागली, बारामतीला आणि इंदापूरला एनडीआरएफची पथकं पाठवली गेली.

आणि कालवा फुटल्याची बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते खरं सांगतो. कुणाचं काय वाहून गेलं, हा नव्हे. मला वाटलं, ‘आता आपल्या आकड्यावर कुणी शंका घेणार नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला छत्री घेऊन अंगणात गेलो. बाटली जड होती. ग्लास भरायचा, लिहायचा, ओतायचा. पुन्हा भरायचा. अकराव्या ग्लासाला हात कापायला लागला. बेरीज केली, २१४. पुन्हा केली, २१४.

हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार, ती शेवटची पायरी. मी शेवटच्या पायरीवर उभा होतो, हातात छत्री आणि पायात बायकोच्या चपला.

फोन वाजला. “किती?”

मी घसा साफ केला. “दोनशे चौदा.”

पलीकडे इतकी शांतता, की मला त्यांच्याकडची म्हैस रवंथ करताना ऐकू आली. मग दाजी म्हणाले, “आमच्याकडं एकाहत्तर,” आणि खालच्या आवाजात, “शेवगा तोडून.”

सरकारी आकडे आले. दौंड ११७, बारामती १०४.७५, इंदापूर ६३.२५. दाजींचा लगेच दुसरा फोन. “पाव्हणं, तुमच्या तालुक्याला एकशे चार, तुमच्या अंगणात दोनशे चौदा?” मी तयारच होतो. म्हणालो, “तालुक्याचा आकडा म्हणजे महसूल मंडळांची सरासरी. मंडळागणिक फरक पडतो. ढगफुटी एखाद्या ठिकाणीच होते.” तेवढ्यावर न थांबता मी उलट वार केला, “तुमच्या तालुक्याला तर ६३.२५. अतिवृष्टी धरायची तर ६५ पाहिजे. पावणेदोननं गेला की इंदापूर.” ते म्हणाले, “माझे एकाहत्तर आहेत.” मी म्हणालो, “पंचनाम्याला मंडळातलं यंत्र धरतात, तुमच्या दारातलं नाही.” आम्ही दोघंही एका गोष्टीवर मात्र बोललो नाही. दौंडनं दोघांनाही हरवलं होतं.

मी हे सगळं ओट्यावरून मोठ्यानं बोलत होतो. अंगणात आई, वय वर्षं एक्याऐंशी, तेलाच्या रिकाम्या डब्याशी वाकली होती. त्याचं वरचं तोंड कापून तिनं तो आदल्या सकाळी कोथिंबीर लावायला म्हणून उघड्यावर ठेवलेला. रात्रभर त्यात पाऊस साठला होता. तिनं वाकून हात पाण्यात घातला आणि बोटं ताणली.

“किती म्हणालास रे?”

“दोनशे चौदा मिलिमीटर.”

“म्हंजी किती, हातानं सांग.”

मी हिशेब केला. “साधारण वीतभर.”

“वीतभर कुठलं? अर्धी वीत हाय पाणी.”

“आई, तो तेलाचा डबा आहे. हे शास्त्रीय उपकरण आहे.”

“डब्याला काय झालं? खाली जेवढा तेवढाच वर. पडंल तेवढं पानी उभं राहतं. त्याला तेल काय आन् शास्त्र काय?”

मी तिला पटवून देण्यासाठी ग्लास घेऊन उठलो. उजेडात धरला. तळाशी बारीक अक्षरं होती, ‘१०० चौ.सेंमी.’ मग नरसाळ्याची कड पुसून पाहिली. तिच्यावर होतं, ‘२००’.

दुकानदारानं मला किंमत विचारलीच नव्हती. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ विचारलं होतं. शंभरच्या नरसाळ्यासाठी आखलेला ग्लास मी दोनशेच्या नरसाळ्याला लावला होता, आणि मार्चमध्ये वाचवलेल्या शंभर रुपयांच्या बदल्यात मे महिन्यात आभाळाकडून दुप्पट वसुली करत होतो. बावीस म्हणजे अकरा. चौतीस म्हणजे सतरा. दोनशे चौदा म्हणजे एकशे सात. म्हणजे सरकारी आकड्याशी माझा आकडा व्यवस्थित जुळत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं आणि सरकारचं जमलं, आणि मला ओट्यावर बसून रडू येत होतं.

तशी पावसाचा आकडा गाजवण्याच्या बाबतीत माणसाची जात सगळीकडे एकच. अमेरिकेत कोलोरॅडोत १९९७ च्या पुरानंतर हौशी मापकांचं जाळं उभं राहिलं. आज तिथली हजारो माणसं घरोघर पाऊस आणि बर्फ मोजतात. बर्फ पांढऱ्या फळीवर पडू द्यायचं आणि पट्टीनं मोजायचं. पण फळी दिवसातून चारदाच झाडायची, असा नियम आहे. कारण बर्फ आपल्याच वजनानं दबतं. दर तासाला फळी झाडून बेरीज करत बसलं, तर आकडा फुगतो. नियम केलाय म्हणजे तिथंही साडू असणार. कौटिल्यानं तर कोठारात हातभर रुंद तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलंय आणि कुठल्या देशात किती द्रोण पडतो तेही नोंदवलंय. अवंतीला तेवीस, आणि गोदाकाठच्या अश्मकाला साडेतेरा. म्हणजे आपल्या बाजूला तेव्हाही कमीच. पण त्या काळात ग्लास बदलून पाऊस दुप्पट करायची सोय नव्हती.

दोन दिवस मी फोन उचलला नाही. दरम्यान २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचला होता, नेहमीच्या ११ जूनच्या किती तरी आधी, आणि सगळा महाराष्ट्र त्यावर बोलत होता. आमच्या घरात मात्र शेवग्यावर बोलणं चालू होतं. तिसऱ्या दिवशी बायकोनं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

“दाजी,” मी म्हणालो, “ते दोनशे चौदा नव्हतं. एकशे सात होतं.”

“हं.”

“आधीचेही सगळे निम्मे करा.”

कागद उलटल्याचा आवाज आला. दाजी वहीत लिहीत होते. शेवटी म्हणाले, “म्हंजी अकराला अकरा. बरोबरी होती.”

“एका दिवशी तर तुम्ही पुढं होता. अठराला सतरा.”

“अन् शेवगा?”

याला हवामानशास्त्रात उत्तर नाही. मी फोन बायकोकडे दिला.

पुढं महिनाभर दाजींचा फोन आला नाही. ते पंढरीला जाणाऱ्यांच्या गडबडीत असतील, असं मी घरात सांगत होतो. मी ग्लास बदलून आणला, आकडे लिहीत होतो, पण विचारणारं कुणी नसेल तर बावीस आणि अकरा सारखेच लागतात. वही बंद करून मी आईच्या डब्यातली कोथिंबीर बघत बसायचो. ती मात्र झकास आली होती.

आषाढात एका सकाळी, साडेआठला पाच-दहा मिनिटं उलटल्यावर, फोन वाजला. मी पेनच शोधायला लागलो. पण पलीकडून ‘किती?’ आलं नाही. दाजी म्हणाले, “पाव्हणं, शेवग्याच्या बुंध्याला धुमारे फुटलेत.”

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “किती?”

“वीतभर.” आणि जरा थांबून, “आमच्या वितीनं. तुमच्या मापानं हातभर धरा.”