आधी काय वाचलंत?

चूक माझीच. भाच्याबरोबर ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ हा सिनेमा पाहिला, हे मुळात कॉमिक आहे असं त्याने सांगितलं, आणि ते वाचावं अशी मला दुर्बुद्धी झाली. मार्व्हलची २००६-०७ मधली गोष्ट, लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन, अंक सात. सात अंक म्हणजे फार तर दोन रविवार. पण त्याच संध्याकाळी टाकी भरली का ते पाहायला गच्चीवर गेलो, तर तिथे वाल्व्हशी झटापट करत क्रमशास्त्री उभे.

“सिव्हिल वॉर वाचायला घेतोय,” मी म्हणालो.

त्यांचा हात वाल्व्हवरच थांबला. “आधी काय वाचलंत?”

“आधी म्हणजे?”

“त्याच्या आधीचं.”

“काहीच नाही. हेच पहिलं.”

गोळी उपाशीपोटी घेतली असं सांगितल्यावर डॉक्टर बघतात तसे ते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्या वेळात बी विंगचं पाणी गेलं ते गेलंच.

क्रमशास्त्री हे त्यांचं आडनाव नव्हे. ते सोसायटीने गणपतीत ठेवलं. पन्नाशीचा माणूस, बँकेत ऑडिटला, चष्मा दोरीला. एका वर्षी आरतीला गणपतीची झाली, शंकराची झाली आणि आता देवीची सुरू होणार एवढ्यात तळमजल्यावरच्या एका हौशी गळ्याने थेट विठ्ठलाची उचलली. त्यात सूर लांबवायला मिळतो, म्हणून काही लोकांना धीर निघत नाही. सगळ्यांनी टाळ्या धरल्या. क्रमशास्त्रींनी झांजा छातीशी घट्ट धरल्या आणि ते डोळे मिटून उभे राहिले. विठ्ठल संपला, लोक कापूर शोधायला लागले, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि एकट्याने देवीची आरती सुरू केली. पूर्ण म्हटली. त्यानंतर विठ्ठलाची पुन्हा, कारण मघाची धरायची नव्हती. मोदक गार झाले.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पानात मीठ वाढायच्या आधी भात आला तर तो हात मागे घेतो. नाटकाला पाच मिनिटं उशीर झाला तर दारातून परततो. आमच्या क्रमशास्त्रींचं एवढंच की हा सगळा क्रमाभिमान त्यांनी अमेरिकन सुपरहिरोंच्या पायी वाहिला. लहानपणी त्यांनी डोंबिवलीहून लोकल पकडून फाउंटनच्या फुटपाथवरून एकेक जुना अंक आणला. फुटपाथवर क्रमाने काहीच मिळत नाही. तिथे तिसरा भाग मिळतो, मग अकरावा, मग पहिल्याचं नुसतं मुखपृष्ठ. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही असं वहिनी म्हणतात.

रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. शीर्षक : ‘सिव्हिल वॉर – पूर्वतयारी (आवृत्ती ११)’. पानं नऊ, नोंदी २१४. सिव्हिल वॉरचे सात अंक शेवटच्या पानावर होते आणि तेही सलग नव्हते. पहिल्या अंकानंतर पाच दुसरेच अंक, मग दुसरा अंक, पण तोही ‘फक्त १४व्या पानापर्यंत. तिथे थांबावे.’ आमच्या आईने गुरुचरित्राचा सप्ताह करताना पाळलेले नियम याहून सैल होते.

हे असं का, याचं कारण तसं साधं आहे. क्रॉसओव्हर म्हणजे एकाच लग्नाची हकीकत दहा नातेवाइकांच्या दहा पत्रांतून कळण्यासारखं. प्रत्येक हिरोचं स्वतःचं मासिक असतं, त्याचा लेखक वेगळा, चित्रकार वेगळा. एखादं मोठं संकट काढायचं, सगळ्यांना एका मांडवात आणायचं, मुख्य गोष्ट एका मालिकेत सांगायची आणि तिचे तुकडे बाकीच्यांच्या मासिकांत टाकायचे. मग जो फक्त स्पायडरमॅन घेतो त्याला फॅन्टास्टिक फोरही घ्यावं लागतं. मांडव कंपनीचा आणि आहेर आपला.

दुसऱ्या दिवशी पीडीएफ ‘समजावून’ घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. एका भिंतीला छतापर्यंत अंक, प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पिशवीवर क्रमांकाची चिठ्ठी. मधल्या फळीवर एक अंक मात्र काळ्या पिशवीत होता. ती पिशवी कंपनीनेच सीलबंद केलेली, फोडलेली नव्हती. हात लावायला गेलो तर ते म्हणाले, “तो नको.” मौल्यवान असेल, असं मी समजलो.

“पहिली गोष्ट,” त्यांनी बोट वर केलं. “‘सीक्रेट वॉर’ आणि ‘सीक्रेट वॉर्स’ एक नव्हेत.”

“बरं.”

“‘सीक्रेट वॉर’ २००४ चं. निक फ्युरीचं. ‘सीक्रेट वॉर्स’ १९८४ चं, मग ‘सीक्रेट वॉर्स टू’, मग २०१५ चं परत ‘सीक्रेट वॉर्स’. तुमच्या यादीत यातले दोन आहेत. घोटाळा करू नका.”

१९८४ चं नाव काढलं की त्यांना भरतं येतं. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीला मार्व्हलच्या हिरोंची खेळणी काढायची होती आणि त्यासाठी एखादी मोठी गोष्ट हवी होती. पोरांना ‘सीक्रेट’ आणि ‘वॉर्स’ हे दोन शब्द आवडतात असं मॅटेलच्या पाहणीत आढळलं, म्हणून ते नाव, असं तेव्हाचे संपादक आणि या मालिकेचे लेखक जिम शूटर सांगत. बारा अंकांची ही मालिका वर्षभर चालली. पण हिरोंच्या आपापल्या मासिकांचं काय? तिथे एका महिन्यात सगळे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या एका विचित्र यंत्रात शिरले आणि दुसऱ्या महिन्यात परत आले. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या २५१व्या अंकात स्पायडरमॅन लाल-निळ्या पोशाखात गेला आणि २५२व्या अंकात काळ्या पोशाखात परतला. मधे काय घडलं ते ‘सीक्रेट वॉर्स’ वर्षभर हप्त्याहप्त्याने सांगत बसलं. तो काळा पोशाख त्याला मिळाला कुठे, हे आठव्या अंकात कळलं, म्हणजे वाचकाने तो पहिल्यांदा पाहिल्यानंतर सात महिन्यांनी. जावई परगावाहून नवा कोट घालून यावा आणि कोट कुठे शिवला हे विचारल्यावर दिवाळीनंतर सांगतो असं त्याने म्हणावं, त्यातला प्रकार. पुढे तो कोटच जिवंत निघाला, ते वेगळं.

“आता सांगा,” क्रमशास्त्री पुढे झुकले. “२५२वा अंक कधी वाचायचा? सीक्रेट वॉर्सच्या आधी की नंतर?”

मी नंतर म्हणालो.

“का? छापलाय तर आधी!”

“मग आधी.”

“का? घडलंय तर नंतर!”

या प्रश्नावर या जमातीत उभी फूट आहे. कालनिर्णयवर एकादशी कधी कधी दोन दिवस दाखवतात ना, एक स्मार्त आणि एक भागवत, तशीच. एक पंथ छापलं त्या क्रमाने वाचा म्हणणारा. दुसरा पंथ घडलं त्या क्रमाने वाचा म्हणणारा. पहिल्यांच्या मते दुसरे मजा घालवतात, दुसऱ्यांच्या मते पहिले अडाणी. क्रमशास्त्री दोन्ही दिवस उपास करणाऱ्यांपैकी. ते २५२वा अंक दोनदा वाचायला सांगतात, आणि पहिल्या वेळी ‘आपल्याला काही कळलं नाही’ असं मनात धरून.

छापलं कधी हेही तिकडे सरळ नसतं. दुकानात शिळा वाटू नये म्हणून अंकावर दोन-तीन महिने पुढची तारीख घालायची जुनी पद्धत. आपले काही दिवाळी अंक तुळशीचं लग्न उरकल्यावर येतात, आणि तिकडे मार्चचा अंक नाताळाच्या सुमारास. हा फरक वजा करण्यासाठी क्रमशास्त्रींच्या एक्सेलमध्ये स्वतंत्र रकाना आहे. रंग फिकट जांभळा.

दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे डीसीचं, त्यांचं आद्यदैवत ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’. १९८५ ला सुरू झालं, बारा अंक, लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रं जॉर्ज पेरेझची. एका चौकटीत पन्नास माणसं काढून पन्नासांना वेगवेगळे चेहरे देणारा हा माणूस. डीसीची अडचण अशी झाली होती की १९६१ मध्ये जुना फ्लॅश आणि नवा फ्लॅश यांची गाठ घालून द्यायला त्यांनी दोन पृथ्व्या कल्पिल्या, मग तिसरी, मग आणखी, आणि शेवटी हिशेब लागेना. तो बंद करण्यासाठी हे महासंकट. सातव्या अंकात सुपरगर्ल जाते, आठव्यात फ्लॅश. हे सांगताना क्रमशास्त्रींचा आवाज खरोखर बसतो. लगेच ते घसा साफ करून जोडअंकांकडे वळतात. कारण या संकटात आकाश लाल होतं, आणि त्या काळी डीसीच्या काही मासिकांनी काय केलं, तर एका चौकटीत आकाश लाल रंगवलं आणि मुखपृष्ठावर क्रॉसओव्हरची पट्टी ठोकली. गोष्टीचा संकटाशी काडीचा संबंध नाही. तिकडचे वाचक अशा अंकांना ‘रेड स्काय’ म्हणून नावं ठेवतात.

“मग ते सोडले तर चालतील?”

“आकाश लाल आहे,” क्रमशास्त्री म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला.

एकच गोष्ट अशी आहे की जिच्यापुढे ते हात जोडतात. १९९१ पासून सुपरमॅनच्या मासिकांच्या मुखपृष्ठावर एक छोटा त्रिकोण येऊ लागला. गोष्ट एका मासिकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची, म्हणून त्या वर्षातला कितवा अंक ते त्रिकोणात लिहिलेलं. पत्रिका बघायला नको, गुरुजी नकोत, आकडा बघा आणि वाचा. “कंपनीने एकदाच माणुसकी दाखवली,” ते म्हणाले.

पुढची मात्र सगळी अधोगती. ‘झीरो अवर’ १९९४ चं, अंकांचे आकडे चार, तीन, दोन, एक, शून्य, असे उलटे. १९९५ मध्ये ‘एज ऑफ अपोकॅलिप्स’साठी एक्स-मेनच्या कुटुंबातल्या मासिकांची नावंच चार महिने बदलली, वुल्व्हरीनचं ‘वेपन एक्स’ झालं, केबलचं ‘एक्स-मॅन’. २००७ ला ‘काउंटडाउन’, दर आठवड्याला एक, एक्कावन्नपासून एकपर्यंत. आणि २०१५ चं ‘सीक्रेट वॉर्स’ तर इतकं लांबलं की शेवटचा अंक जानेवारी २०१६ मध्ये आला, आणि त्यानंतरच्या जगातली नवी मासिकं ऑक्टोबरातच दुकानात. बारशाचे पेढे आधी, बाळंतपण मागाहून.

एक गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. सुपरगर्ल आणि फ्लॅशबद्दल बोलताना गहिवरणारा हा माणूस ‘झीरो अवर’पासून पुढे फक्त आकडे बोलत होता.

“त्यात होतं काय पण?” मी विचारलं.

“ते महत्त्वाचं नाही. ‘अव्हेंजर्स डिसअसेंबल्ड’नंतर ‘हाउस ऑफ एम’ येतं, एवढं लक्षात ठेवा.”

“आणि ‘हाउस ऑफ एम’मध्ये?”

“आठ अंक आहेत,” ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मी यादी सुरू केली. खोटं कशाला बोलू, एकोणिसाव्या नोंदीला दम संपला. भाच्याने एका रविवारी सिव्हिल वॉरचं एकत्र पुस्तक आणून दिलं, आणि जेवण झाल्यावर पंख्याखाली आडवा होऊन मी त्यातले सातही अंक सलग वाचून काढले. स्टॅमफर्डमध्ये स्फोट होतो, शेकडो माणसं मरतात, हिरोंनी सरकारकडे नोंदणी करावी असा कायदा येतो, आयर्नमॅन म्हणतो करा, कॅप्टन म्हणतो मुळीच नाही. स्पायडरमॅन पत्रकारांसमोर मुखवटा काढतो तिथे आधीचं काहीही ठाऊक नसताना मी उठून बसलो. सगळं कळलं नाही, पण कुणाच्याही घरचं भांडण मधूनच ऐकलं तरी बाजू घेता येतेच.

महिनाभर मी जिना टाळून लिफ्टने गेलो. मग एका संध्याकाळी वहिनींनीच बोलावलं. “जरा या हो, दोन दिवस झाले, नीट जेवत नाहीयेत. तुमच्याशी बोलतील.”

क्रमशास्त्री खिडकीशी बसले होते. टेबलावर ती काळी पिशवी होती, कात्रीने कडेने व्यवस्थित कापलेली. बाजूला ‘सुपरमॅन’चा ७५वा अंक आणि त्याच्याबरोबर त्या पिशवीत येणारी, दंडाला बांधायची काळी फीत. नोव्हेंबर १९९२ मध्ये विकायला आलेला हा अंक. डूम्सडेशी लढता लढता सुपरमॅन मेट्रोपोलिसच्या रस्त्यावर कोसळतो, तो.

त्यांचं मन दुसरीकडे वळावं म्हणून मी एकदाचं कबूल केलं. “मी सिव्हिल वॉर वाचलं. सरळ. सॉरी. पण शेवटी तो कॅप्टन अमेरिका जे करतो ना…”

त्यांनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. “थांबा! एक शब्द बोलू नका! मी अजून ब्याण्णवात आहे!”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. क्रमाने वाचतात ना. एखादा अंक मिळाला नाही की तो मिळेपर्यंत पुढचा उघडायचा नाही. एका अंकापायी तीन वर्षं गेली होती. पुढच्या सगळ्या याद्या मुखपृष्ठं, तारखा आणि जाहिराती बघून केलेल्या, आत न डोकावता. गाड्यांचं अख्खं वेळापत्रक तोंडपाठ, आणि स्वारी अजून कल्याणला.

“परवा रात्री गेला,” क्रमशास्त्री हलकेच म्हणाले.

वहिनींनी चहा ठेवला. सुपरमॅन पुढच्याच वर्षी परत येतो, हे आमच्या भाच्यालाही ठाऊक आहे. जिभेवर आलेलं ते वाक्य मी चहाबरोबर गिळलं. मग बसल्या बसल्या फळीवरचे पुढचे त्रिकोण मोजले. त्यांच्या चालीने त्याला यायला अजून दीड वर्ष तरी लागेल, आणि मधला एक अंक जागेवर दिसत नव्हता.